गुप्ते डॉक्टरांची फियाट

दत्ताच्या हाताखालून ओघळणारं पाणी सकाळपासून निळं होतं, ते साडेअकराच्या सुमाराला काळं झालं. सिराजने ते पाहिलं आणि हातातली हेडलाइटची रिंग पुसत राहिला. पत्र्यावर वॉटर पेपर घासला की रंग पाण्याबरोबर उतरतो, हे त्याला नवीन नव्हतं. गेल्या पंचवीस वर्षांत दोन जुन्या गाड्यांना त्याने अशीच अंघोळ घातली होती आणि ही तिसरी. जुन्या गाडीच्या अंगावर रंगाचे चार-पाच थर असायचेच. पण निळ्याखाली काळा यायला नको होता. निळ्याखाली जुना निळा, मग लाल प्रायमर आणि मग पत्रा, अशी त्याची सहा महिन्यांपासून खात्री होती, आणि इतकी खात्री असलेला माणूस पाण्याचा रंग बदलला म्हणून लगेच खुर्चीतून उठत नाही. दत्ताने टपाचा कोपरा घासला. तिथे पिवळा निघाला. मग बॉनेटच्या डाव्या अंगाला त्याने बोटाने चाचपलं, नखाने पुट्टी उकरली आणि दोन गोल भोकं मोकळी केली. दत्ता पोशीरच्या शेतकऱ्याचा मुलगा, पण वीस वर्षं मुंबईच्या गॅरेजात पत्रा ठोकून आलेला. "सिराजभाय," तो ओले हात पँटला पुसत म्हणाला, "हितं मीटर बसवलेला व्हता. ही टॅक्सी हाय."

टॅक्सी असणं म्हणजे काही पाप नाही, असं एक वाक्य सिराजच्या मनात आलं आणि ते कुणाच्या बाजूने आलं हे त्याला कळेना. शेडच्या बाहेर दत्ताच्या खाचरात पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या, त्यांच्यावर ऊन पडलं होतं, आणि आत ही गाडी, अर्धी निळी, अर्धी काळी, एका कोपऱ्यात पिवळी. या मॉडेलला सगळा महाराष्ट्र डुक्कर फियाट म्हणतो. फुगीर गाल, पुढे आलेलं नाक, नाव अगदी चपखल आहे, पण कर्जतच्या सिराजच्या घरात ते नाव घ्यायची सोय नव्हती. घरात ती 'गोल फियाट'. फक्त त्याची बायको मिस्बाह चिडली की मुद्दाम तेच नाव घ्यायची. "या वयात लोक मक्केला, उमऱ्याला जातात," ती म्हणायची, "आणि आमचे हे डुकराच्या मागं पोशीरला जातात." सिराज हसायचा. टाइल्सचं दुकान त्याने दोन वर्षांपूर्वी मुलाच्या हाती सोपवलं होतं, साठी उलटली होती, गुडघे अजून शाबूत होते, आणि गोल फियाट मिळेपर्यंत आपण मरणार नाही असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. ती शेवटी मिळाली कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये. तिथे ती स्विमिंग टँकच्या कडेला उभी करून ठेवली होती, डिकीत जास्वंदीच्या कुंड्या, आणि शनिवार-रविवारी येणारे पाहुणे तिला टेकून फोटो काढायचे. अस्मानी निळी. त्याने मॅनेजरला विचारलं, ही कुणाची? मॅनेजरने खांदे उडवले. इथलीच असेल, कुठल्याशा डॉक्टरची वगैरे. एवढ्यावर सिराजचे डोळे भरून आले होते. निळा रंग रिसॉर्टवाल्यांनी फोटोत छान दिसावा म्हणून मारला असेल, हे तेव्हा त्याच्या डोक्यातही आलं नाही.

कारण निळी फियाट त्याच्या डोळ्यांसमोर आधीपासून होतीच. सिराजचे अब्बा कर्जतच्या बाजारात गुप्ते डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. दवाखान्याबाहेर बदामाच्या झाडाखाली डॉक्टरांची निळी गोल फियाट उभी असायची, आणि शाळा सुटली की सिराज तिच्या चकाकत्या गालात आपलं पसरट तोंड बघत बसायचा. गाडीला हात लावायचा नाही अशी अब्बांची सक्त ताकीद होती. मग एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात मोठ्या बहिणीचं, तय्यबा आपाचं लग्न खालापूरला ठरलं आणि डॉक्टर म्हणाले, तय्यबाची पाठवणी माझ्या गाडीतून करायची. सिराज आठ वर्षांचा. त्याने ही बातमी सगळ्या वर्गाला सांगितली, ज्यांना सांगितली त्यांना पुन्हा सांगितली. पुढचं जे त्याला आठवतं ते असं: तो आपाच्या मांडीवर बसला आहे. समोर काच. दार उलटं, पुढच्या कडेने उघडणारं. आपाचे मेंदीचे हात त्याच्या भोवती. रस्त्यात मधेच काळोख होतो, मधेच उजेड, झाडंच झाडं असावीत. गाडीला एक वास आहे, गोडसर, भुसभुशीत, नाकात बसणारा. पुढे मोठेपणी त्याने ठरवलं की तो सीटमधल्या काथ्याचा वास असणार. आणि आपा सारखी काहीतरी बोलते आहे, कानाशी, हळू आवाजात. शब्द नाहीत, फक्त आवाज आहे. खालापूरला पोचल्याचं त्याला आठवत नाही. तो झोपला असावा. अशी ती आठवण होती, आणि माणसाचा छंद म्हणजे काय, असल्या एखाद्या दुपारी परत जायची खटपट. बाकी कार्बुरेटर नि ब्रेकचे पट्टे वगैरे नुसती निमित्तं.

"शेठ, मी काय म्हनतो," दत्ता डबा सोडता सोडता म्हणाला, "लगीन अठरा दिसांवर आलं. गपचिप निळा मारून टाकू. कोन उकरून बघतंय?" अठरा दिवसांनी आपाच्या नातीचं, सिद्राचं लग्न होतं. मंगनीच्या दिवशी भरल्या घरात सिराजच उठून बोलला होता की जिच्यातून आजी या घरात आली, तिच्यातूनच नात या घरातून जाईल. पोरांनी टाळ्या वाजवल्या, सिद्राने लाजून ओढणीत तोंड लपवलं, आणि आपा खाली बघून पानाचे देठ खुडत राहिली. ती गहिवरली आहे असं सिराजने धरलं होतं. तसं धरायला कारणही होतं. आपाच्या आयुष्यात ऐटीची म्हणावी अशी ती एकच गोष्ट. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान, चार मुलं, मशीनवर शिवून शिवून वाकलेली मान, मग नवरा गेला. पण ती फियाटमधून सासरी आलेली होती. सिराजने हे आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं होतं, तिच्या प्रत्येक मुलाच्या लग्नात, ईदला, तिच्या दारी बसून तिच्याच शेजाऱ्यांना. तिच्याकडून ते आता काढून घ्यायचं म्हणजे काय? एकाहत्तर वर्षांच्या बाईला सांगायचं की तुझ्या भावाने उचलून आणली ती कुणाचीतरी टॅक्सी?

"मार निळा," तो दत्ताला म्हणाला. दत्ता मान हलवून भाकरीकडे वळला. सिराज गाडीजवळ गेला, त्याने पुढचं दार उलटं उघडलं आणि ड्रायव्हरशेजारच्या बाजूला जाऊन बसला. सीट अजून बसवायची होती, नुसत्या स्प्रिंगांवर गोणपाट टाकलेलं. डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीच्या नोंदणीचं जुनं पुस्तक होतं. पहिलं पान वाळवीने खाल्लेलं, दुसऱ्यावर मुंबईच्या एका मालकाचं नाव आणि त्याखाली पुसटसा शिक्का. हा शिक्का त्याने गाडी घेतली त्या दिवशीही बघितला होता, पण तेव्हा चष्मा गळ्यात लटकत होता आणि तो डोळ्यांवर चढवायची त्याला गरज वाटली नव्हती. आता त्याने चष्मा लावला. टॅक्सी, असंच होतं. म्हणजे दत्ताने काही शोधून काढलं नव्हतं, सिराजला ते सहा महिने माहीत होतं. फक्त त्याने ते स्वतःला कळू दिलं नव्हतं. माणूस दुसऱ्याला फसवायला किती मेहनत घेतो, आणि स्वतःला फसवायला नुसता चष्मा काढला तरी भागतं. त्याने समोर काचेतून पाहिलं. वास घ्यायचा प्रयत्न केला. गोणपाट आणि ऑइल. मग एकाएकी त्याला दुसरंच काहीतरी खटकलं, आणि ते इतकं सोपं होतं की पन्नास वर्षं ते कसं खटकलं नाही याचीच त्याला भीती वाटली. उलटं उघडतं ते पुढचं दार. समोर काच दिसते ती पुढे बसलेल्याला. नवरी पुढे कशाला बसेल? नवरीला मागे बसवतात, दोन बाजूंना दोन बायका. ड्रायव्हरच्या शेजारी नवरी बसवलेली त्याने अख्ख्या जन्मात बघितली नव्हती. मग तो आपाच्या मांडीवर कुठे बसला होता?

तो स्कूटर काढून निघाला तो घरी जेवायला म्हणून निघाला. कर्जतला घराच्या गल्लीशी येऊन त्याने वेग कमी केला, मिस्बाहने वाळत टाकलेल्या चादरी त्याला दिसल्यासुद्धा, पण स्कूटर थांबली नाही. चौक गावच्या रस्त्याला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण खालापूरला चाललो आहोत. याच रस्त्याने तेव्हा ते गेले असणार. तो झाडं शोधत होता, त्या काळोखासाठी. इतकी झाडं इथे कधी होती का? रस्ता रुंद करताना तोडली असतील, असं तो स्वतःला म्हणाला, पण डोंगर तर कुणी तोडला नव्हता, आणि ऊन तेव्हाही असंच सरळ पडत असणार. आपाला काय सांगायचं याची त्याने वाटेत चार-पाच वाक्यं जुळवली. प्रत्येकाची सुरुवात 'रागावू नको' अशी होती आणि पुढे काहीच नव्हतं. साठी उलटलेला, नातवंडांचा धनी असलेला हा माणूस बहिणीच्या दारात स्कूटर लावताना तंतोतंत आठ वर्षांचा दिसत होता.

तय्यबा आपा ओट्यावर बसून सिद्राच्या ओढणीला गोटा लावत होती. घरातली सगळी पनवेलला खरेदीला गेली होती. तिने चष्म्यावरून बघितलं. "जेवलास?"

"जेवलो."

"कुठं जेवलास? तोंड बघ." ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि ताटलीत दोन घावणे नि गुळाचा खडा घेऊन आली. "मिस्बाहशी भांडलास काय?"

"नाय गं." त्याने घावणा मोडला, तोंडात घातला नाही. "आपा, रागावू नको. ती गाडी ती नाय. गुप्ते डॉक्टरांची नाय ती. मुंबईची टॅक्सी होती. दत्ताला खाली काळा-पिवळा रंग लागला. मला आधीच कळायला पायजे होतं. मी सगळ्यांसमोर बोलून बसलो, तुझ्या पाठवणीची गाडी म्हणून, आणि आता..."

तिने सुईतला दोरा संपेपर्यंत टाके घातले, गाठ मारली, दाताने दोरा तोडला. "एवढंच ना?"

"एवढंच कसं? तुझी गाडी होती ती."

"सिराज," ती म्हणाली, "मी गुप्ते डॉक्टरांच्या गाडीत कधी बसलेच नाय रं."

तिने ते रागाने सांगितलं नाही, की मोठं गुपित फोडल्यासारखंही सांगितलं नाही. ओढणीचा दुसरा पदर मांडीवर ओढून घेत तिने सांगितलं. लग्नाच्या सकाळी डॉक्टरांची गाडी आली होती, पुसून, हार घालून. निकाह झाला, जेवणं चालू झाली, आणि वरच्या वाडीतून माणसं धावत आली. एक बाई अडली होती, मूल आडवं आलं होतं. तिला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. डॉक्टर मांडवात उभे राहून अब्बांच्या तोंडाकडे बघत राहिले, त्यांच्याने बोलवेना. "अब्बांनीच हार काढला गाडीचा," आपा म्हणाली. "म्हणाले, डॉक्टरसाहेब, तुम्ही निघा. माझी पोरगी काय, कशातूनबी जाईल." मग भाताच्या गिरणीचा टेंपो मागवला. मागे अम्मी, मावश्या, ट्रंक, भांडी. नवरीला कोंड्यात कशी बसवायची म्हणून पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसवली. "आणि तू असला रडत होतास. अंगात ताप, आणि हातपाय झाडून रडणं, फियाट पायजे, फियाट पायजे. वर्गात सांगून बसलेला ना तू. कुणाच्याने आवरेनास. ड्रायव्हर बिचारा कानकोंडा. मग मी तुला मांडीवर घेतला. म्हटलं, डोळे मीट, ही फियाटच हाय. तुझ्या डोळ्यांवर हात ठेवला. तू बोटांतनं बघायचास, मी परत झाकायची. म्हटलं, बघ, दार उलटं उघडलं, बघ निळं नाक, बघ आता डॉक्टरांनी हॉर्न वाजवला. तेवढं मी बघितलेलं होतं ना बाहेरून. तेच सांगत बसले खालापूर येईपर्यंत. तू झोपलास. उठलास तो सगळ्यांना सांगत सुटलास, आम्ही फियाटमधून आलो. अम्मीने सगळ्यांना दटावलं, पोराचं मोडू नका. मग ऱ्हायलं ते तसंच."

सिराजच्या हातात घावण्याचा तुकडा तसाच होता. मधेच काळोख, मधेच उजेड. ती झाडं नव्हती, ती तिची बोटं होती. वास काथ्याचा नव्हता, कोंड्याचा होता, गिरणीच्या टेंपोचा. म्हणजे आठवणीतलं सगळं खरं होतं, फक्त गाडी नव्हती. गाडी तिने बोलून बोलून तयार केली होती, पाठवणीच्या दिवशी, आईबाप सोडून चालली असताना, अठराव्या वर्षी. तिला रडायचं असेल. नवरी रडते, ती रडायची वेळ असते, आणि ती अख्खी वाट तिने त्याला हॉर्न ऐकवण्यात घालवली. त्या गाडीच्या मागे लागून त्याने आयुष्याची पंचवीस वर्षं ग्रीस-ऑइलमध्ये हात घातले होते. आणि याहून वाईट ते पुढे होतं. किती वेळा, किती वेळा त्याने तिच्यासमोर ते सांगितलं होतं. तिच्या दारी, तिचा चहा पीत, आपा कशी फियाटमधून ऐटीत आली. आणि ती ट्रे हातात घेऊन उभी राहायची, ऐकायची, कप गोळा करायची. त्याला लाज वाटली, तोंड लपवावंसं वाटलं, आणि तिच्यावर इतकी माया दाटून आली की त्याला तिच्याकडे बघवेना.

"तू कधी बोलली का नाहीस?" तो शेवटी म्हणाला.

"काय बोलायचं? तुला आनंद होता."

"आणि तुला?"

तिने सुईत दोरा ओवायला घेतला. दोनदा चुकला. तिने सुई नि दोरा त्याच्या हातात दिला, त्याने ओवून दिला. "मलाबी बसायचं होतं रं," ती म्हणाली. "रोज अब्बांचा डबा घेऊन जायची मी दवाखान्यात. ती उभी असायची झाडाखाली. तुला हात लावायला मनाई होती, मला तर बघायलाबी. पोरीच्या जातीने कशाला बघायचं? पण मी बघायची. हार घातलेली दिसली तेव्हा वाटलं, आता आज कोण अडवतंय. मग हार उतरवला. ती बाई जगली, मूलबी जगलं, चांगलं झालं. पण मला वाईट वाटलं होतं. कुणाला सांगणार? सगळे तुलाच समजावत होते."

समोरच्या घरी कुणीतरी मसाला कुटत होतं. सिराजने घावणा खाल्ला, गुळाचा खडा खाल्ला, कारण ती वाट बघत होती. मग आपाच हसली. "टॅक्सी होती म्हणतोस? मग किती नवऱ्या बसल्या असतील तिच्यात. गुप्ते डॉक्टरांच्या गाडीत एकबी नाय बसली. सिद्राला हीच बरी. सगळ्यांना खरं सांगून टाक. आणि कुणी मीटर किती झाला विचारलं तर म्हणावं, नवरदेवाला विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताने निळ्या रंगाचा डबा फोडायला घेतला, तेव्हा सिराजने त्याच्या हातून स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. "रंग ऱ्हाऊ दे. पुढची सीट बसव."

"असल्या अवतारात कुठं नेताय?" दत्ता म्हणाला. "जत्रंतली सोंगं बरी." पण त्याने सीट बसवली. रेक्झिन अजून शिवून आलं नव्हतं म्हणून त्याच्या बायकोने घरातून धुतलेली गोधडी आणून चौपदरी घालून दिली. इंजिन एका सेल्फला उठलं. पोशीरहून निघालेली ती चट्ट्यापट्ट्यांची गाडी बघायला कळंबच्या रस्त्यावर मोटरसायकली हळू होत होत्या. सिराजला कुणाकडे बघायला वेळ नव्हता. गिअर कडक होता, आणि खड्डा आला की तो स्वतःच कळवळत होता.

आपा दारात तयार होती. त्याने फोन केला नव्हता. येईन असं म्हणालाही नव्हता. तरी ती बाहेर जायच्या कपड्यांत होती, पायात नव्या चपला, सिद्राच्या लग्नासाठी आणलेल्या. ती गाडीकडे आली आणि पुढच्या दाराच्या चुकीच्या कडेला जाऊन उभी राहिली. कुठलं दार कुठून उघडतं ते तिने सगळ्यांपेक्षा जास्त वेळा सांगितलं होतं, पण हाताने ते कधी उघडलं नव्हतं. सिराज उतरून आला. त्याने दार उघडून धरलं. तिने एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला, आधी बसली, मग एकेक करून दुखरे गुडघे आत घेतले, मग ओढणी आत ओढून घेतली आणि डॅशबोर्डवर तळवा फिरवला. सिराज आपल्या जागी येऊन बसला. शेजारची पोरं गोळा झाली होती. आपा सरळ समोर बघत होती, आणि तिचं तोंड त्याने असं कधी पाहिलं नव्हतं.

"कुठं नेऊ?" तो म्हणाला.

"माहेरी," तय्यबा म्हणाली. "आणि हळू घे. पटकन पोचायचं नाय मला."

सिराजने खिशातून फोन काढून मिस्बाहला सांगितलं की आपा जेवायला येते आहे, आणि गाडी कर्जतच्या रस्त्याला घेतली.